मिनाचं कार्ड आणि माझा उसवलेला खिसा

मित्रांनो, चौथीच्या वर्गात खिडकीशेजारी हळदी रंगाचा, खिसेच खिसे असलेला जुना कापडी तक्ता लटकतो ना, तो मी. आता माझा रंग उडाला आहे. एक कोपरा उंदराने कुरतडला आहे. पण माझे खिसे अजून शाबूत आहेत. दोन सोडून. त्यातल्या एका खिशाची गोष्ट मला तुम्हाला सांगायची आहे.

माझा जन्म देविदास सरांच्या घरी झाला. सर हट्टा या मोठ्या गावाहून आत असलेल्या आमच्या लहानशा गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायचे. इंग्रजीची त्यांना स्वतःलाच थोडी भीती होती. एकदा ते वसमतला प्रशिक्षणाला गेले. तिथे त्यांना सांगितलं की इंग्रजी विशेषणं नुसती पाठ करून घेऊ नका. लेकरांना स्वतःच्या मनाबद्दल बोलायला लावा, म्हणजे शब्दही येतील आणि मनही मोकळं होईल. सरांना हे फार पटलं. घरी येऊन त्यांनी बायकोला, शालूबाईंना, पलंगावरची जाड चादर मागितली.

"चादर काहून पायजे?" शालूबाई म्हणाल्या.

"लेकरांचं मन ठिवायला खिसे शिवायचेत."

शालूबाई हसल्या, पण त्यांनी चादर कापली आणि शिलाई मशीनवर मला बारा खिसे शिवले. सरांनी प्रत्येक खिशावर इंग्रजी अक्षरांत एकेक शब्द रंगवला. हॅपी, सॅड, अँग्री, हंग्री, टायर्ड, शाय, लोन्ली, स्केअर्ड, ब्रेव्ह, प्राउड, वरीड आणि काम. शेवटच्या शब्दाचा अर्थ शांत, हे सरांना दहा वेळा सांगावं लागलं, कारण पोरांना वाटायचं, शेतातलं काम.

जुन्या लग्नपत्रिका कापून प्रत्येक लेकराच्या नावाचं कार्ड केलं होतं. रोज प्रार्थना झाली की एकेकाने यायचं, आपलं कार्ड आपल्याला वाटेल त्या खिशात ठेवायचं आणि तसं वाक्य म्हणायचं. नियम एकच होता. कार्ड फक्त स्वतःचंच ठेवायचं.

पहिले आठ दिवस सगळा वर्ग हॅपीच होता. तो खिसा फाटायची वेळ आली. मग एके दिवशी सोमेश्वर नावाचं एक किडकिडीत पोरगं माझ्यासमोर बराच वेळ उभं राहिलं. त्याने कार्ड हंग्रीमध्ये टाकलं आणि हळूच म्हणालं, "आय अ‍ॅम हंग्री." घरचे सगळे पहाटेच हळद शिजवायला शेतात गेले होते. चूल पेटलीच नव्हती. सरांनी त्याला पुढचा शब्द विचारला नाही. खिचडी शिजवणाऱ्या भिकाबाईंना हाक मारली. त्यांनी त्याला मुरमुरे आणि गूळ आणून दिला. त्या दिवसापासून पोरं खरं बोलू लागली. कुणी टायर्ड असायचं, कुणाचं भांडण झालेलं असायचं. मला त्या वर्षी स्वतःचा फार अभिमान वाटला.

पुढच्या वर्षी मात्र परीक्षांचा लोंढा आला. सरांना रोज मोबाईलवर कसली तरी माहिती भरावी लागायची. माझी गुंडाळी झाली आणि मी नकाशांच्या मागे कपाटावर जाऊन पडलो. तिथेच उंदराने माझा कोपरा खाल्ला. वर्षभर मला कुणी हात लावला नाही.

मग एक मोठे साहेब शाळा बघायला येणार असं कळलं आणि सरांना माझी आठवण झाली. त्यांनी मला झटकलं, टांगलं. साहेबांनी माझं कौतुक केलं, फोटो काढला. जाताना म्हणाले, "छान आहे. पण दुसऱ्याचं वर्णन करायची विशेषणं कुठं आहेत? तीही घ्या."

सरांनी घाईघाईने शालूबाईंकडून खाली आणखी सहा खिसे शिवून घेतले. टॉल, शॉर्ट, स्ट्राँग, क्लेव्हर, लेझी आणि डल. डल म्हणजे ढ. आता पोरांनी दुसऱ्याचं कार्ड घ्यायचं आणि योग्य त्या खिशात ठेवायचं. सरांना वाटलं, खेळात खेळ होईल आणि शब्दही वाढतील. मित्रांनो, माझा जुना नियम त्याच दिवशी मोडला आणि तो मोडतोय हे कुणाच्याच लक्षात आलं नाही.

त्या वर्गात मिना नावाची मुलगी होती. गावापासून अर्ध्या तासाच्या वाटेवर लमाणांचा तांडा आहे, तिथून ती चालत यायची. तिच्या घरी मराठी नाही, तांड्याची बोली बोलतात. सरांनी काही विचारलं की मिना छताकडे बघायची. ओठ हलायचे. उत्तर बाहेर यायच्या आत दुसरं कुणीतरी बोलून मोकळं व्हायचं. बहुतेक वेळा तो हरीश असायचा. हरीश वर्गात सगळ्यात पुढे होता आणि हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

एका दुपारी सर दारात उभे राहून मोबाईलवर माहिती भरत होते. हरीशने मिनाचं कार्ड उचललं, वर्गाला दाखवलं आणि डलमध्ये टाकलं. सगळे हसले. मिनाने कार्डाकडे पाहिलं, मग खिशावरची अक्षरं एकेक करून वाचली. ती रडली नाही. शाळा सुटली तेव्हा सगळे गेल्यावर ती माझ्याजवळ आली, कार्ड काढून तिने मुठीत धरलं आणि गेली.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी सरांनी कार्डं मोजली आणि विचारलं, "मिनाचं कार्ड कुठं गेलं?"

 पहिल्या बाकावरची वैष्णवी उठली. "सर, तिचं कार्ड डलमधी टाकलं व्हतं."

"कुणी?"

हरीश उभा राहिला. मान खाली. आता मार बसणार असं सगळ्यांना वाटलं. सर माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, "हा खिसा कुणी लावला?"

"तुमी, सर," वैष्णवी म्हणाली.

"व्हय. मंग पहिली चूक माझी."

त्यांनी मला खिळ्यावरून काढलं, गुंडाळलं आणि म्हणाले, "शाळा सुटल्यावर मी तांड्यावर चाललो."

"मी बी येऊ का?" हरीशने विचारलं. सरांनी त्याच्या घरी फोन करून सांगितलं आणि दोघं निघाले. मी सरांच्या खांद्यावर होतो. दोन्ही बाजूंना हळदीची रिकामी वावरं होती. वाटेत हरीश म्हणाला, "सर, मी सॉरी म्हणून टाकतो."

"सॉरी हा कोणता शब्द आहे?"

"माफी मागायचा."

"विशेषण हाय ते. हंग्रीसारखं. आय अ‍ॅम हंग्री म्हणतोस तवा पोटात काहीतरी होतं ना? तसं आय अ‍ॅम सॉरी म्हणताना बी आत काहीतरी व्हायला पायजे."

हरीशने विचारलं, "अन् न्हाई झालं तर?"

"तर थांबायचं. उगं म्हणायचं न्हाई."

तांड्यावर मिनाची आई, जिवनबाई, दारात गोधडी शिवत बसली होती. तिने सरांना बाज टाकून दिली, पाणी दिलं. मिना आतच राहिली. तिच्या बांगड्या तेवढ्या दाराआड वाजल्या.

"जिवनबाई, पोरगी शाळेत काहून येऊन नाही राहिली?" सरांनी विचारलं.

जिवनबाईने सुई गोधडीत टोचून ठेवली. "मास्तर, ती म्हणती, मी ढ हाय. मी म्हणलं, कोण म्हणतं? तर म्हणती, इंग्रजीत लिहिलंय. आता आमाला तर मराठी बी वाचता येत न्हाई. इंग्रजीत लिहिलं म्हणल्यावर खरंच असंल, असं वाटलं."

 मी सरांच्या मांडीवर होतो. त्यांनी मला उलगडलं, जिवनबाईची कात्री मागितली आणि डलचा खिसा स्वतःच्या हाताने उसवायला सुरुवात केली. एकेक टाका. कापडाला दुखत नाही असं लोक म्हणतात. मला दुखलं, पण हलकंही वाटलं.

हरीश भिंतीला टेकून उभा होता. खिसा सुटून खाली पडला तेव्हा त्याने बाहीने डोळे पुसले. "सर, आता झालं," तो म्हणाला. "आत झालं."

मग तो दाराकडे तोंड करून म्हणाला, "मिना, आय अ‍ॅम सॉरी."

मिना बाहेर आली. कार्ड तिच्या हातात होतं, घामाने मऊ झालेलं. सर म्हणाले, "लेकरा, तुझं उत्तर मी कधी थांबून ऐकलंच न्हाई. काहून उशीर होतो गं तुला?"

मिना खाली बघून म्हणाली, "आधी आमच्या बोलीत येतं. मंग मी त्याचं मराठी करते. मंग इंग्रजी. तवर ह्यो बोलून जातो."

"म्हणजे तुला तीन येतात?" हरीश म्हणाला. "मला तर दोनच."

 मिनाने माझ्याकडे पाहिलं, कार्ड पुढे केलं आणि अँग्रीच्या खिशात ठेवलं. "आय अ‍ॅम अँग्री," ती म्हणाली. चांगलं मोठ्याने, एका दमात. तिच्या तोंडून पूर्ण इंग्रजी वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं.

"एकदम बराबर," सर म्हणाले.

"किती दिवस?" हरीशने विचारलं.

"ठाऊक न्हाई."

निघताना जिवनबाईने मला ठेवून घेतलं. उसवलेल्या जागी तिने स्वतःच्या जुन्या घागऱ्याच्या लाल कापडाचा खिसा लावला, चारी बाजूंनी आरशाची भिंगं शिवली आणि दोन दिवसांनी मिनाच्या हातून मला शाळेत पाठवलं. सरांनी त्या खिशावर सॉरी असं लिहिलं. लेझीचा खिसाही काढून टाकला. दुसऱ्याचं कार्ड उचलायचा खेळ बंद झाला. सरांनी सगळ्या वर्गासमोर स्वतःच्या नावाचं कार्ड केलं आणि लाल खिशात सगळ्यांत आधी तेच ठेवलं. सर विचारायचे ते प्रश्न आता फळ्यावर लिहिले जायचे आणि उत्तराआधी सगळ्यांनी मनात वीस मोजायचे.

मिनाचं कार्ड आठ दिवस अँग्रीमध्ये राहिलं. हरीशचं सॉरीमध्ये. रोज सकाळी तो तिच्याकडे बघायचा, ती बघायची नाही. सरांनी दोघांनाही घाई केली नाही.

नवव्या दिवशी मिना माझ्यासमोर आली. तिने अँग्रीमधून कार्ड काढलं. हॅपीपाशी नेलं, थांबली. काममध्ये घालून पाहिलं, परत काढलं.

"काय झालं?" सरांनी विचारलं.

"सर, राग गेला. पण ध्यानात हाय. त्याला इंग्रजीत काय म्हणतात?"

सर विचार करू लागले. मोबाईलमध्ये शोधलं. वर्ग थांबून राहिला, वीसच्या कितीतरी पुढे मोजून झालं असेल. शेवटी सर म्हणाले, "मला न्हाई सापडलं, मिना."

"मंग बिननावाचा खिसा लावा," हरीश मागून म्हणाला.

शालूबाईंनी तो लावला. त्यावर काहीच लिहिलेलं नाही. मिनाने आपलं कार्ड त्यात सोडलं आणि जागेवर जाताना हरीशच्या बाकावरची पेन्सिल न विचारता उचलून नेली. हरीशने नेऊ दिली. त्या दिवशी दोघांनी मिळून फळ्यावरचे प्रश्न सोडवले.

ती दोघं आता हट्ट्याच्या हायस्कुलात जातात. देविदास सरांचे केस पांढरे झाले आहेत आणि चौथीत दरवर्षी नवी लेकरं येतात. मित्रांनो, माझ्यावर धूळ बसली तर झटका, टाका सुटला तर घाला, पण त्याहून एक मोठं मागणं आहे. कुणासाठी शब्द उचलाल तेव्हा आधी त्याला विचारा, तू कसा आहेस. आणि तो सांगेपर्यंत थांबा. बिननावाचा खिसा दर वर्षी सगळ्यात आधी भरतो, आणि मी त्यातलं एकही कार्ड अजून खाली पडू दिलेलं नाही.