हिरड्यांवरची निळी रेघ

क्रांतीच्या लढाया थंडावल्या आणि आमच्या सान हासिंतोत डॉक्टर आली. डॉक्टर, आणि तीही बाई! नाव एउलालिया बार्रिएन्तोस. तिला नुसतं बघायलाच गावातल्या साऱ्या कुंभारणी जमल्या. मीही गेले, पण मला कारण होतं. माझी मुलं पोटातच जात होती. शहरातल्या डॉक्टरनं माझ्या नवऱ्याशी, क्रिस्पीनशी बोलून टॉनिक दिलं होतं. माझ्याकडे मान वर करून बघितलंही नव्हतं.

"तोंड उघड, रेफूहियो," ती म्हणाली.

"दुखणं पोटाचं आहे, डॉक्टरीणबाई."

"पोट कुठे पळून जातंय? आ कर."

तिनं ओठ खाली ओढून हिरड्या निरखल्या. "ही निळी रेघ इथल्या बहुतेकींना आहे. मळ्यातल्या बायकांना मात्र नाही. असं का असेल गं?"

मला काय ठाऊक! तीच म्हणाली, "चल, तुझं घर दाखव."

सासूबाई, ज्यांना गाव मानानं दोन्या तोमासा म्हणायचं, चुलीजवळच बसून मडक्यांच्या झिलईसाठी शिशाची पूड वाटत होत्या. डॉक्टरीणबाई शेजारीच उकिडवी बसली. ही पूड कुठून येते, कोण वाटतं, हात कुठे पुसता, सगळं विचारत राहिली. सासूबाई वैतागल्या.

"एवढी शिकली, आणि बघायचंय काय, तर आमचं वाटण! मडकी करायची आहेत का तुला?"

"नाही हो. हे शिसं पोटात जातं. हातावरून भाकरीत, धुळीतून श्वासात. त्यानं आईचं पोट दुखतं, आणि गर्भ टिकत नाही."

"माझ्या सासूनंही इथंच बसून वाटलं."

"मग तिची मुलं?"

सासूबाईंचा हात थांबला. मग हळूच नावं घेऊ लागल्या. गेलेल्या नणंदांची, दिरांची, स्वतःच्या लेकरांची. बाप्तिस्मा होण्याआधीच गेलेल्यांचीही. ती नावं मी कधी ऐकलीच नव्हती. मला वाटायचं, क्रिस्पीन त्यांचा एकुलता एक.

"देवाची मर्जी म्हणून गप्प बसलो आम्ही," त्या म्हणाल्या आणि उठल्या. पाटा उचलून त्यांनी भट्टीमागच्या छपरात नेला. क्रिस्पीन पाटा धरायला धावला तर त्याच्यावरच खेकसल्या, "बाजूला हो! आणि यापुढे पूड मी एकटीच वाटेन. माझं आता काय व्हायचंय? हिला त्या पुडीला हात लावू द्यायचा नाही."

गावातले पुरुष भडकले. बाई धंदा बुडवणार, म्हणाले. तिच्या दारावर चिखल फेकला. बऱ्याच घरांत काहीच बदललं नाही. पण डॉक्टरीणबाई हटली नाही. आठवडी बाजारात झाडाखाली खुर्ची टाकून बायकांची तोंडं तपासत राहिली, आणि हळूहळू शेजारच्या गावांतल्या कुंभारणीही येऊ लागल्या.

मला त्यानंतर पुष्कळ महिन्यांनी दिवस राहिले. मुलगी झाली. बारकीशी, पण आवाज असा की सासूबाई अंगणातून ओरडल्या, "कोण गं एवढं भांडतंय आत?"