चोपणातला भात

गिरणीतून पहिले तांदूळ पडू लागले, तशी लतिकाने ओंजळ पुढे केली. दाणे पोटात खडूसारखे पांढरे होते आणि निम्मे तुटलेले.

"वहिनी, ही तर कणीच हाय," गिरणीवाला भिवा म्हणाला. "निफाडात भात लावायला सांगितलं कुणी?"

कालव्याखालच्या तिच्या पट्ट्यात मीठ फुटून जमीन चोपण झाली, द्राक्षं वाळली, म्हणून तिने खारट जमिनीतही तगणारा भात लावला होता. सप्ताहात काल्याच्या पंगतीला तांदूळ माझ्याच रानातला, असं ती देवळात बोलून बसली होती. काल्याचं कीर्तन उद्याच होतं.

"माझा इगतपुरीचा तांदूळ न्या. पोतं तुमचंच. कोणाला कळतंय?"

लतिका म्हणाली, "कीर्तनाच्या बुवांना नाय कळणार."

"मग झालं तर!"

"ज्याच्यापुढं नैवेद्य ठेवायचा, त्याला कळंल की!"

गिरणी घरघरत होती, दाणे तुटतच होते. एकाएकी ती ओरडली, "थांबवा, भिवाभाऊ! पॉलिश नको, त्यातच तुटतायत. नुसतं टरफल काढा."

"तांबूस दिसंल. लोक नावं ठेवतील."

"ठेवू देत."

भिवाने पॉलिशचं यंत्र बंद केलं. पुढची मूठ दोघांनी उजेडात धरली. दाणा तांबूस होता, पोटातला पांढरा डाग तसाच होता, पण बहुतेक दाणे अख्खे होते.

"आचाऱ्याला सांगा, पाणी बेतानं घाल. नवा तांदूळ हाय, लगेच गिचका होतो."

"सांगते कशाला? मीच बसते चुलीपाशी."