उन्हातले वायपर

परवा पेपरात यादी आली होती: कुठल्या देशात किती लोकशाही, कुठे माणसाला माणसासारखं वागवतात. आमचा उरुग्वे पुन्हा वरच्या रांगेत. माझी मुलगी ग्रासिएला मोठ्या कौतुकाने वाचून दाखवत होती. "बाबा, शेजारपाजारचे सगळे मागे," म्हणाली. मी म्हटलं, त्यात बेन्तांकोरचं नाव दिसतंय का बघ. नव्हतंच. यादी करणाऱ्यांना बेन्तांकोर कुठून माहीत असणार? मला माहीत आहे. आणि मी त्याच्याशी कसा वागलो तेही मलाच माहीत आहे.

सन ऐंशीची गोष्ट. मी मोन्तेविदेओत बस कंडक्टर होतो, ला उनियोन ते बंदर या मार्गावर. एदेल्मार बेन्तांकोर माझा ड्रायव्हर. आम्ही त्याला घुम्या म्हणायचो. सकाळी येर्बाच्या, म्हणजे आमच्याकडच्या कडू पाल्याच्या चहाच्या, गरम पाण्याचा थर्मास काखेत मारून यायचा, मान हलवायचा आणि संध्याकाळी तशीच मान हलवून घरी जायचा. त्याचा भाऊ राजकैदी म्हणून तुरुंगात होता. हा तुरुंग ज्या गावाजवळ आहे त्या गावाचं नाव 'स्वातंत्र्य'. हे मी मनाचं सांगत नाही, जाऊन बघा.

तेव्हा राज्य लष्कराचं होतं आणि त्याने अख्ख्या देशाला तीन गटांत बसवलं होतं. 'अ' म्हणजे भरवशाचा, 'ब' म्हणजे संशयित, 'क' म्हणजे शत्रू. 'क' झालात की सरकारी नोकरी गेलीच, बाकीचे मालकही दारात उभे करत नसत. भावामुळे बेन्तांकोर 'ब' होता. घरात दोन मुली. एक तक्रार झाली असती तरी तो 'क' झाला असता.

त्या वर्षी लष्कराने स्वतःला हवी तशी राज्यघटना लिहिली आणि लोकांना विचारलं, हो की नाही? मतदान नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी होतं. रेडिओवर, टीव्हीवर, भिंतींवर दिवसभर 'हो'. 'नाही' म्हणायला जागाच नाही.

मतदानाआधीच्या बुधवारी आम्ही ला उनियोनहून निघालो. ऊन मी म्हणत होतं. आणि बेन्तांकोरने वायपर चालू केले. कोरड्या काचेवर ते कर्रकर्र करत डावीकडे, उजवीकडे, डावीकडे. आधी वाटलं, चुकून हात लागला असेल. मग थांब्यावर उभ्या असलेल्या एका बाईने तर्जनी उभी केली आणि वायपरसारखी हलवली. नाही, नाही, नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं.

मी पुढे जाऊन कुजबुजलो, "अरे बंद कर ते. तुझ्याबरोबर मलाही घालवशील. मलाही लेकरं आहेत."

घुम्याने फक्त गिअर बदलला.

तीन थांबे गेले आणि एक कॅप्टन चढला. त्याने काचेकडे पाहिलं, मग आभाळाकडे.

"पाऊस कुठे पडतोय?"

बेन्तांकोर समोरच्या रस्त्याकडे बघत राहिला.

डोक्याला रुमाल बांधलेली एक म्हातारी पहिल्याच बाकावर बसली होती. मांडीवर भाजीची पिशवी. ती म्हणाली, "राहू द्या ना साहेब चालू. कबुतरांनी काचेवर किती घाण केलीय, दिसत नाही का?"

मागे कोणीतरी खोकल्यासारखं करून हसलं. कॅप्टन हसला नाही. त्याने हात लांब करून बटण फिरवलं. वायपर थांबले. मग माझ्याकडे वळला. "तू याला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं साहेब. दोनदा सांगितलं. याचं डोकं फिरलंय. माझा काही संबंध नाही यात."

हे मी बोललो. बस भरलेली होती, सगळ्यांनी ऐकलं. बेन्तांकोरने आरशातून माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही पाहिलं, हेच मला जास्त लागलं.

कॅप्टनने नाव लिहून घेतलं. "गट कोणता?"

"ब."

"सोमवारी 'क' होशील," म्हणाला आणि उतरला.

बस चालू झाली. बेन्तांकोरने बटण पुन्हा फिरवलं. मला राहवलं नाही. "तुला कळतंय का तो काय म्हणाला?"

"सोमवारपर्यंत तर 'ब' आहे ना?" घुम्या म्हणाला. त्या आठवड्यात तो माझ्याशी एवढंच बोलला.

रविवारी मी मतदानाच्या बंद खोलीत एकटा उभा राहिलो. दोन चिठ्ठ्या समोर. खोलीत कुठे तरी डोळा असेल म्हणून मी छताकडेही पाहिलं, लाज वाटते सांगायला. मग मला तो आरसा आठवला आणि मी 'नाही' पाकिटात घातली.

शंभरातल्या सत्तावन्न जणांनी 'नाही' म्हटलं. बंदूक त्यांची, रेडिओ त्यांचा आणि तरी हरले. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. मला सगळ्यात अभिमान वाटतो तो मोजणाऱ्या कारकुनांचा. ते लष्कराला घाबरत होते, पण मत मोजायचं ते खरंच मोजायचं, ही आमच्याकडची जुनी सवय. ती सवय भीतीलाही पुरून उरली.

सरकार मात्र जागेवरच होतं. सोमवारी डेपोत बेन्तांकोरच्या नावाचं पत्र आलं. मॅनेजरने मान खाली घालून दिलं. 'क.' बेन्तांकोरने सही केली, किल्ली खिळ्याला अडकवली, थर्मास काखेत घेतला आणि पायीच घराकडे निघाला. माफी मागायची सोडून मी तिकिटांची पेटी उचलली.

ऑलिवेरा नावाचा नवा ड्रायव्हर मिळाला. आम्ही बाहेर पडलो. पुढच्या वळणावर बेन्तांकोर फुटपाथवरून चालताना दिसला. आमच्या पुढे सतरा नंबरची बस होती. लख्ख उन्हात तिचे वायपर चालू होते. समोरून येणाऱ्या बसचेही. तिच्या मागच्या ट्रकचेही.

मी तिकिटांची पेटी सीटवर ठेवली, पुढे गेलो आणि बटण फिरवलं.

ऑलिवेरा दचकला. "काय करताय? कोणी बघेल ना."

"बघू दे. कोणी विचारलं तर मी लावलेत म्हणून सांग. नाव लिहून घ्यायला सांग माझं."

पहिल्या बाकावर तीच म्हातारी होती. "असू दे रे बाबा," ती ऑलिवेराला म्हणाली, "अजून थोडी घाण राहिलीय काचेवर."

बेन्तांकोर थांबला. त्याने आमच्या बसकडे पाहिलं, मग मला ओळखलं. थर्मास एका काखेतून दुसरीत घेतला, तर्जनी उभी केली आणि वायपरच्या तालावर हलवली. मीही काचेला बोट लावून तसंच केलं. मला रडू येत होतं आणि मी ते लपवलं नाही. बंदर येईपर्यंत वायपर मी बंद केले नाहीत.