मिठाची तहान

"बोट पुढे कर."

बूशाइबने हात पाठीमागे लपवला. "मागच्या शुक्रवारी दिलं होतं की!"

"मागच्या शुक्रवारी जेवलाही होतास. या शुक्रवारी जेवणार नाहीस?"

तामूने त्याचा हात धरून पुढे ओढला, बोटाच्या टोकाला सुई टोचली आणि रक्ताचा थेंब पट्टीवर टेकवला. तेरा वर्षांची वियाम आणि आठ वर्षांचा अनस शाळेची दप्तरं पाठीला लावून, बापाची परीक्षा बघायला उभी होती. यंत्रावर आकडा आला तसा तामूने तो निकालपत्रासारखा डोळ्यांजवळ धरला.

"एकशे अडुसष्ट. बूशाइबसाहेब, काल तू जमआ सहीमच्या बाजारात स्फंज खाल्लेस."

"अल्लाची शपथ..."

"शपथ घेऊ नकोस. पोरं ऐकतायत."

बूशाइबने टोचलेलं बोट तोंडात घातलं. एक नव्हे, दोन खाल्ले होते. तेलातून काढलेली पिठाची गरमागरम कडी, वर साखर भुरभुरलेली. साफी बंदर ते जमआ सहीम गाव अशी सहा उतारूंची टॅक्सी तो दिवसभर हाकायचा, आणि बाजारात गाडी भरेपर्यंत तासभर बसून राहायचं म्हटलं की समोरच्या कढईकडे माणसाचं लक्ष जाणारच, असं त्याचं म्हणणं होतं. ते तामूपुढे मांडायची हिंमत मात्र नव्हती.

"आई, तुझं पण बघ ना," वियाम म्हणाली.

"मला काय झालंय? दवाखान्यातून महिन्याला इतक्याशा पट्ट्या मिळतात. एक वाया जाईल."

तीन वर्षांपूर्वी बूशाइबला साखर निघाली, त्या दिवसापासून हा शुक्रवारचा नेम होता. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवून लक्षणं पाढ्यासारखी म्हणून घेतली होती. तहान फार लागते का. लघवीला सारखं जावं लागतं का. वजन उतरतंय का. पायाला बधिरपणा आहे का. तामूला लिहिता येत नव्हतं, म्हणून तिने ते सगळं पाठ केलं. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना ती एवढंच बोलली, "माझी पोरं बापाविना वाढणार नाहीत. तुला आवडो न आवडो, तू जगणार आहेस."

आणि तिने कंबर कसली. वेळ तर तिच्याकडे कुणाहूनही कमी होता. ती सार्डिनच्या कारखान्यात, खारवायच्या दालनात कामाला. बोटी धक्क्याला लागल्या की मुकादमाचा फोन यायचा. मग पहाट असो की दुपार, पांढरी टोपी आणि रबरी बूट घेऊन पळायचं आणि मासे संपेपर्यंत उभं राहायचं. तरीही घरात पांढऱ्या पावाच्या जागी जवाची भाकरी आली. सोड्याच्या बाटल्या गेल्या. मसूर रात्रीच भिजत पडायचा, भाज्या चिरून झाकून ठेवलेल्या असायच्या, आणि आई कामावर असली तर ताजीनचं भांडं मंद आचेवर कधी चढवायचं हे वियामला घड्याळ दाखवून शिकवलेलं असायचं. अनसचे गाल शाळेतली पोरं ओढायची. वर्षभरात ते ओढण्यासारखे उरले नाहीत, याचा तामूला कोण अभिमान!

सगळ्यात मोठा बोभाटा झाला तो साखरेचा. निळ्या कागदातला तो पांढरा शंकू कुठल्या घरात नसतो? बारशाला न्यायचा शंकू, लग्नाला शंकू, मयतीला शंकू, आणि एरवी हातोडीने फोडून चहात. तामूने घरातला शेवटचा शंकू उचलला आणि कारखान्यात नेऊन बायकांच्या चहाला देऊन टाकला. तिच्या घरी पाहुणे चहा पिऊन जायचे ते नाक मुरडत. "बाई गं, असा चहा दुश्मनालासुद्धा देऊ नये," असं शेजारणी तोंडावर म्हणायच्या. तामू हसायची. "दुश्मनाला साखर घालून देईन. तुम्ही माझ्या आहात."

रोज संध्याकाळी चौघांनी समुद्राकडच्या रस्त्याने तासभर चालायचं, हाही तिचाच हुकूम. कारखान्यातून दहा तास उभी राहून आली तरी ती चपला चढवून दारात तयार. "दिवसभर बसून कंबर मोडली" असं बूशाइब म्हणाला की म्हणायची, "मग चालून जोड." कुंभारांच्या टेकडीखालून निघायचं, दीपगृह दिसलं की वळायचं. तिच्या हातात पाण्याची दोन लिटरची बाटली असायची. जाताना भरलेली, येताना रिकामी. पोरं दोन घोट घ्यायची, बाकी सगळी तीच संपवायची.

"कारखान्याने तुझ्यात मीठ भरलंय," बूशाइब चिडवायचा. "एक दिवस तुलाच डब्यात घालून विकतील."

"डब्यावर तुझा फोटो लावतील. मग घेणार कोण?"

पोरं खिदळायची. मिठाच्या दालनातल्या बायकांना तहान लागते हे साफीत शेंबड्या पोरालाही माहीत आहे. दिवसभर मीठ हाताला, ओठांना, श्वासात. फादमा, तामूच्या शेजारी उभी राहून काम करणारी तिची मैत्रीण, तीही घरी जाऊन आधी तांब्याभर पाणी प्यायची. एवढं पाणी प्यायल्यावर तामू सारखी मोरीकडे जाणार, यात नवल कसलं? आणि ती वाळत चालली, तेव्हा तर साऱ्या गल्लीने तिचं कौतुक केलं. "चालणं लागू पडलं गं तुला," बायका म्हणायच्या. तिचा कफ्तान फादमाने दोनदा आत घेऊन शिवला. बूशाइबलाही बायको तरुण दिसायला लागली म्हणून बरंच वाटलं होतं.

पायाचंही तसंच. थंड पाण्यात रबरी बुटात दहा तास उभं राहिल्यावर कुणाचे पाय बधिर होत नाहीत?

डॉक्टरीणबाईंचा पाढा बूशाइबला आजही तोंडपाठ होता. पण तो पाढा त्याचा होता. तो बायकोला लावून बघावा, हे त्याच्या डोक्यात आलं नाही. रोज चालून आल्यावर तामू कोमट पाण्यात त्याचे पाय धुवायची, बोटांच्या बेचक्यात डोकावून बघायची, जखम नाही ना, चिरा नाही ना. तीन वर्षं त्याने तिच्या हातात पाय दिले. तिचे पाय त्याने एकदाही हातात घेऊन पाहिले नाहीत.

शुक्रवारचा कुसकुस सगळे एकाच परातीतून खायचे, प्रत्येकाने आपापल्या समोरचं. तामू भोपळा, गाजर, सलगम पोरांच्या बाजूला लोटत राहायची, मांसाचे तुकडे सगळ्यांना वाटायची. ती स्वतः काय खाते हे परात बघून कधीच कळलं नसतं, आणि कळून घ्यायचा प्रयत्नही कुणी केला नाही.

एका मंगळवारी सकाळी अकरा वाजता बूशाइब जमआ सहीमच्या बाजारात बसला होता. हातात स्फंज, ओठाला साखर. फोन वाजला. पलीकडे फादमा होती आणि तिला धड बोलता येत नव्हतं.

"भाऊ, लवकर ये. तामू पडली. धुवायच्या टाकीपाशी उभी होती ती पडलीच."

"चक्कर आली असेल. सकाळी काही खाल्लं नसेल तिने."

"नाही रे भाऊ. आम्ही तिचा बूट काढला..." फादमा रडायला लागली. "तिचा पाय बघ येऊन."

चार उतारू बसलेले होते. त्यांना घेऊनच तो सुटला आणि वाटेत एकालाही उतरवायला थांबला नाही. कुणीही तक्रार केली नाही.

डब्याच्या झाकणाचा एक पत्र्याचा तुकडा बुटाचा तळ फोडून आत गेला होता. तीन आठवड्यांपूर्वी, असा डॉक्टरांचा अंदाज. तामूला तो टोचलाच नव्हता. अंगठा काळा पडला होता, काळं घोट्यापर्यंत चढलं होतं, आणि घरी तिचे पाय कायम मोज्यांत असायचे. वासही येत होता म्हणे. पण ज्या घरात रोज संध्याकाळी सार्डिनचा वास दारातून आत येतो, तिथे तो वेगळा वास कुणाला कळणार?

"यांना साखर किती वर्षांपासून आहे?" इस्पितळातल्या तरुण डॉक्टरने विचारलं.

"हिला नाही," बूशाइब म्हणाला. "साखर मला आहे."

डॉक्टरने हातातल्या कागदाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. त्याने कागद पुढे केला. पाचशेच्या वरचा आकडा होता. बूशाइबला तो आकडा वाचता आला आणि पुढचं काही ऐकू आलं नाही.

"हिला तहान फार लागायची का?" डॉक्टर विचारत होता.

"मिठाची," तो म्हणाला. "मिठाची तहान होती ती."

मग तो भिंतीला टेकून खाली बसला. लोकांदेखत रडायला त्याला लाज वाटली नाही.

तामू आणखी दोन दिवस होती. पाय काढायचं ठरलं होतं, पण विष रक्तात पसरलं होतं आणि ताप उतरत नव्हता. गुरुवारी दुपारी तिने थोडा वेळ डोळे उघडले.

"पोरांना फिरायला नेलंस?"

"नेलं," तो खोटं बोलला.

"काय खाल्लं त्यांनी?"

"मसूर. वियामने केला."

तिने मान हलवली. मग त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिली. "ओठाला साखर लागलीय तुझ्या," असं काहीतरी पुटपुटली. दोन दिवसांत त्याने पाण्याशिवाय तोंडात काही घातलं नव्हतं, तरी त्याने ओठ पुसले. तिने पाणी मागितलं. नर्सने चमच्याने पाजलं. आणखी मागितलं. त्या संध्याकाळी ती गेली.

तीन दिवस घर माणसांनी भरलं होतं. मिठाच्या दालनातल्या सगळ्या बायका एकदम आल्या, आणि रीतीप्रमाणे प्रत्येकीच्या हातात साखरेचे शंकू. शेजारी आले, टॅक्सीवाले आले, तेही शंकू घेऊन. ज्या घरातून तामूने साखर हद्दपार केली होती, तिथे भिंतीशी निळ्या कागदांची रास कमरेएवढी झाली. नको म्हणायची सोय नव्हती. दुःखाला आणलेली साखर कुणी परत करत नाही. फादमा स्वयंपाकघरात हातोडीने शंकू फोडत होती आणि दर घावाला डोळे पुसत होती.

"घे भाऊ. गोड आहे. अंगात ताकद येईल," तिने ग्लास त्याच्यापुढे केला.

तीन वर्षं ज्या चहासाठी तो झुरत होता, तो वाफाळत समोर आला. बूशाइबने ग्लास हातात घेतला, धरून ठेवला आणि पाहुणे उठल्यावर तसाच खाली ठेवला.

"का रे?"

"ती बघतेय," तो म्हणाला.

चौथ्या दिवशी त्याने सगळे शंकू टॅक्सीत भरून मशिदीत दिले, गोरगरिबांच्या चहासाठी. डिकी पुरली नाही, दोन खेपा झाल्या.

मग शुक्रवार आला. सकाळी वियाम यंत्राची डबी घेऊन त्याच्यासमोर येऊन बसली. रडून तिचे डोळे सुजले होते, पण आवाज आईसारखा काढायचा तिने प्रयत्न केला.

"बोट पुढे कर, बाबा."

बूशाइबने तिच्या हातातून डबी घेतली.

"आधी तुझं."

"माझं? मला काय झालंय? पट्टी वाया..."

तिचं वाक्य अर्ध्यावरच थांबलं.

"तिलाही काही झालं नव्हतं," बूशाइब म्हणाला. "हात दे."

त्याला सुई टोचता येत नव्हती. दोनदा चुकला. वियामने बोट तसंच पुढे धरून ठेवलं. ब्याण्णव. मग अनस. तो ओरडला, पण हात मागे घेतला नाही. अठ्ठ्याऐंशी. मग बूशाइबने स्वतःचं बोट टोचलं. एकशे एकतीस. गेल्या तीन वर्षांत एवढा कमी आकडा कधी आला नव्हता. तो ज्या बाईला दाखवायचा ती नव्हती.

त्याने कोमट पाणी काढलं आणि दोन्ही पोरांचे पाय धुतले. अनसला गुदगुल्या झाल्या, तो हसला आणि आपण हसलो म्हणून घाबरून बापाकडे बघू लागला. "हस," बूशाइब म्हणाला. बेचक्या बघताना त्याला काय शोधायचं ते नीट माहीत होतं. तीन वर्षं त्याने ते रोज होताना पाहिलं होतं.

संध्याकाळी तिघं निघाले. अनसने न सांगता दोन लिटरची बाटली नळाखाली धरून काठोकाठ भरून घेतली आणि दोन्ही हातांनी छातीशी धरली. कुंभारांच्या टेकडीखालून ते चालत गेले. समुद्रावर बोटी परतत होत्या. कारखान्याचा भोंगा झाला, तेव्हा तिघांनीही नकळत मान वळवली. दीपगृह दिसलं तसे ते मागे फिरले.

घरी आल्यावर अनसने बाटली ओट्यावर ठेवली. तिघांनी दोन-दोन घोट घेतले होते. बाकी पाणी तसंच होतं.