झुइडओस्टपर्यंत

राघवने ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबला, तरी काटा वर सरकेना. पूल चढायला लागल्यापासून तो उलट खालीच येत होता. मागून आलेल्या ट्रकने लांबलचक हॉर्न दिला आणि तो डावीकडून पुढे निघून गेला. त्याच्या झोताने गाडी हलली, मागचा ट्रेलरही हलला. खाली वाल नदी राखाडी, रुंद पसरली होती.

“ओढत नाहीये,” तो म्हणाला.

नीलांबरी मांडीवरची कढीपत्त्याची कुंडी धरून बसली होती. “सामान जास्त झालंय का?”

“नाही. पलंग, कपाट, वॉशिंग मशीन. याहून कितीतरी जास्त ओढायला हवी ही गाडी.”

सामान तिचं होतं. आइंडहोवनच्या घरातलं तिने जे जे मागितलं, त्यातल्या कशालाच त्याने नाही म्हटलं नव्हतं. तिला अ‍ॅमस्टरडॅम झुइडओस्टमध्ये एकटीपुरता छोटा फ्लॅट मिळाला होता. सामान हलवणाऱ्यांच्या तारखा फार पुढच्या निघाल्या, तेव्हा तोच म्हणाला होता, ट्रेलर भाड्याने आणू, मी सोडतो तुला. ती ऑफिसच्या कामाला चालली असावी, अशा आवाजात.

पूल उतरल्यावरही वेग येईना. उघड्या शेतांवरून समोरचा वारा येत होता. गाडीत जळकट वास पसरला.

“राघव, थांबव.”

पुढच्या पार्किंगमध्ये त्याने गाडी घेतली. ओळीने ट्रक उभे होते. तो खाली उतरला, बॉनेट उघडून पाहिलं, काही दिसलं नाही. मग मागे गेला आणि ट्रेलरच्या डाव्या चाकाजवळ हात नेऊन त्याने तो झटकन मागे घेतला.

“ब्रेक चिकटलाय याचा. गाडी बरोबर आहे. आपण निघाल्यापासून ब्रेक लावलेला ट्रेलर ओढतोय.”

“कळलं कसं नाही तुला?”

“कळलं ना. जड जातंय एवढं कळलं.”

ट्रेलरवाल्यांना फोन लावला, तर नुसतं रेकॉर्डिंग लागलं. रस्त्यावरच्या मदतसेवेला लावला, तर त्यांची गाडी यायला संध्याकाळ होईल म्हणाले. संध्याकाळपर्यंत थांबणं शक्य नव्हतं. रात्री नऊला संचारबंदी लागत होती आणि त्याला आइंडहोवनला परत पोचायचं होतं. चाक निवेपर्यंत थांबू, मग ठोकून बघतो, असं म्हणून तो तिच्या शेजारी येऊन बसला. तिने डबा उघडून त्याच्यापुढे धरला. त्याने एक पोळीची गुंडाळी उचलली आणि हातातच ठेवली.

ही गाडी त्यांनी आईसाठी घेतली होती. राघवच्या आईचे गुडघे गेले होते, खाली वाकून बसायच्या गाडीत तिला बसता येत नसे. तिचं एप्रिलचं तिकीट होतं. मार्चमध्ये विमानं बंद झाली. ऑगस्टमध्ये ती पुण्यात, हॉस्पिटलमध्येच गेली. मामेभावाने स्मशानाच्या फाटकाबाहेरून फोन उंच धरला होता. पडद्यावर पांढऱ्या पोशाखातली माणसं दिसली, मग एक झाड, मग भावाची चप्पल. फोन बंद झाल्यावर राघव उठला, मीटिंग आहे म्हणाला आणि वरच्या खोलीत जाऊन त्याने दार लावून घेतलं. जेवायच्या वेळी खाली आला, वरणात मीठ कमी आहे म्हणाला. त्यानंतरही तो असाच राहिला. भांडण असं कधी झालंच नाही. नीलांबरी बोलायची, तो हो म्हणायचा.

ट्रकवाला एक माणूस मास्क हनुवटीवर ओढून सिगरेट ओढत त्यांच्याकडे बघत होता.

“एक विचारू?” ती म्हणाली. “त्या दिवशी मीटिंगमध्ये बसवलं कसं रे तुला? काय बोललास तिथे?”

“कुठल्या दिवशी?”

तिने नुसतं पाहिलं.

तो हातातल्या पोळीकडे बघत राहिला. “मीटिंग नव्हती.”

“म्हणजे?”

“नव्हती. मी हेडफोन लावून बसलो होतो. तू आत आलीस तर काम चाललंय असं वाटावं म्हणून.”

“मी दारापर्यंत आले होते,” नीलांबरी म्हणाली. “दोनदा.”

“माहीत आहे. खालच्या फटीतून पाय दिसले तुझे.”

त्याने पोळी खाल्ली, हात पुसले आणि डिकीतला पाना घेऊन उतरला. मागून ठोकल्याचे आवाज येत राहिले. तिने डबा बंद केला, झाकण घट्ट बसलंय का ते पुन्हा पाहिलं.

चाक मोकळं झालं, पण पुरतं नाही. उजव्या कडेने हळूहळू, मध्येमध्ये थांबून चाक निववत ते निघाले. युट्रेख्ट मागे पडेपर्यंत उजेड कलला होता.

झुइडओस्टला इमारतीच्या दारात वरच्या मजल्यावरची एक म्हातारी बाई पिशव्या घेऊन आत चालली होती. त्यांना कपाट धरलेलं पाहून ती दार अडवून उभी राहिली. मास्कच्या आडून डचमध्ये म्हणाली, “नवीन का? छान. तुम्हा दोघांना घर लाभो.”

दोघांनीही आभार मानले.

पलंगाची गादी लिफ्टमध्ये मावेना, ती जिन्याने न्यावी लागली. सगळं वर पोचलं तेव्हा राघवने घड्याळ पाहिलं.

“हा ट्रेलर घेऊन नऊच्या आत पोचत नाही मी.”

“मग तो राहू दे इथे. खाली जागा आहे.”

तो खाली उतरला. दिव्याची वायर काढली, हूक सोडवला, दोघांनी मिळून ट्रेलर कडेला ढकलला. नीलांबरी हात चोळत उभी राहिली.

“दुरुस्तीवाल्याला उद्या इथेच बोलावतो,” तो म्हणाला. “तू फक्त दाखव त्याला कुठे आहे ते. मी यायलाच हवं असं नाही. आणि नियमाने तुझ्याकडेही दिवसाला एकच पाहुणा चालतो ना आता.”

“हो, एकच. उद्या मृदुला येणार आहे, सामान लावायला.”

“मग झालं तर.”

तो गाडीत बसला, पट्टा लावला. तिने काचेवर टकटक केलं. त्याने काच खाली घेतली. तिने खिशातून फोन काढला होता आणि तो कानाला लावलेला होता.

“हं, मृदुला,” ती फोनमध्ये म्हणाली, “अगं, उद्या नको. परवा ये तू.”