बंद की उघडं? एका निळ्या पिंपाची पंचाईत

मी निळं पिंप बोलतंय. डोकं पार चक्रावलंय हो माझं! आणि माझं डोकं म्हणजे झाकण. त्याचाच तर सगळा घोळ आहे.

जन्म कारखान्यातला, पण ते आता धड आठवत नाही. कळायला लागलं तेव्हा मी एका न्हाणीघरात पाणी साठवत उभं होतं. घर छोटं, मागे उतारावर कॉफीची जेमतेम तीनशे झाडं. माणसं दोनच, बाबा आणि त्यांची लेक. लेक शहरातली नोकरी सोडून आली आणि पहिला हात माझ्यावरच टाकला. झाकणाला भोक पाडून आतला वायू बाहेर सोडणारी नळी बसवली, पिकलेली लाल फळं आंबवायला पोटात भरली आणि वरून लोखंडी कडं आवळलं.

"बाबा, चार दिवस झाकण उघडायचं नाही. आत हवा गेली की संपलं! आणि यंदा चांगली कॉफी झाली नाही, तर मी आपली परत नोकरीला."

बाबा मान डोलावून मोकळे. पण त्यांनी जन्मभर फळं उघड्या अंगणात वाळवलेली. माझ्या पोटात गुडगुड सुरू झाली आणि त्यांचा जीव कासावीस. लेक वरच्या तुकड्यात तोडणीला गेली की हळूच यायचे, झाकण काढायचे, "गुदमरलात का रे?" असं चक्क फळांना विचारायचे, कोपरापर्यंत हात घालून ढवळायचे आणि पुन्हा झाकण. आता मी ऐकायचं तरी कोणाचं?

कॉफी वाळली, भाजली. चव पारखणारे साहेब आले आणि चमच्याने मोठ्ठ्या फुरक्या मारत प्यायले. घरात असं कोणी प्यालं तर बाबा डोळे वटारतात. साहेबांपुढे मात्र गप्प.

"अहो, काय केलंत काय हे?"

"चार दिवस हवाबंद," लेक म्हणाली.

"पुढच्या वर्षी अशीच करा, सगळी मीच घेतो."

लेक आनंदाने रडली. बाबा आता बोलतील, असं मला वाटलं. नाही बोलले.

यंदा आपल्या हाताने काही बिघडेल, याचा त्यांनी असा धसका घेतला की माझ्या वाऱ्यालाही उभे राहिले नाहीत. चारही दिवस झाकण घट्ट. आणि साहेब घोट घेऊन म्हणाले, "चांगली आहे. पण मागच्या वर्षीची ती चव नाही."

लेकीने वही चाळली, मला तीनदा घासलं, "पिंपच बिघडलंय!" म्हणाली आणि कुंपणाबाहेर नेऊन ठेवलं. अहो, माझा काय दोष? उघडल्यामुळे जमलं म्हणावं, तर मग इतकं आवळायचं कशाला? मला काही म्हणजे काही उमगेना. ती बॅग भरायला लागली, तेव्हा बाबांनी मला ओढत परत दारात आणलं.

"पिंपाला बोल लावू नकोस," ते म्हणाले. "मागच्या वर्षी मी रोज उघडत होतो."

"रोज?"

"हातही घालत होतो."

"धुतलेला तरी?"

"नाही गं."

ती भयंकर चिडली. दोन-चार भांडी आपटली. मग बॅगेतून वही काढली. "किती वाजता? किती वेळ?"

"ते कोण बघतंय? तू दिसेनाशी झालीस, की लगेच."

आज शेवटच्या तोडणीची फळं माझ्या पोटात आहेत. झाडांवर आता एक फळ उरलेलं नाही. हेही फसलं तर ती जाणार, हे आम्हा तिघांनाही ठाऊक आहे. ती घड्याळ घेऊन उभी आहे. बाबांनी बाह्या सरसावल्यात, पण कड्याला हात लावायला घाबरताहेत. मी बंद असावं की उघडं, मला खरंच अजून कळलेलं नाही. तुमच्यापैकी कोणाला ठाऊक असेल तर सांगा हो.

"उघडा, बाबा," लेक म्हणतेय. "मी इथेच आहे."