गुडघ्याएवढी रेघ

“आई, ऊठ. सगळ्यांना न्यायला गाडी कोपऱ्यावर उभी आहे,” रंगारी दारातूनच ओरडला.

“ओरडतोस कशाला? बहिरी नाही झाले अजून,” आई म्हणाली. तिने गाद्या, डबे, कपडे, सगळं पलंगावर रचलं होतं आणि त्या पसाऱ्यात समोरच्या काकू मांडी घालून बसल्या होत्या. “काकूही आता माझ्याकडेच. आपल्याकडे पाणी पलंगाला लागत नाही.”

रंगाऱ्याची नजर भिंतीवरच्या निळ्या रेघेकडे गेली.

समुद्राकाठच्या या वस्तीपुढे भिंत बांधायची योजना होती. ती किती उंच लागेल हे लोकांना डोळ्यांनी दिसावं, म्हणून पालिकेच्या कार्यालयाने रंगारी लावून घराघरांत निळी रेघ मारून घेतली. मोठं वादळ आलं तर पाणी इथवर चढेल, अशी ती रेघ. आईची खोली याच्याच वाट्याला आली. तिथे ती रेघ तिच्या डोक्याच्याही वर जात होती. आणि आई म्हणजे नळ गळला तरी रात्रभर जागणारी बाई! भिंत होईलच की, उगाच म्हातारीच्या जिवाला घोर कशाला, म्हणून या शहाण्याने रेघ गुडघ्याएवढी मारली. भिंत अजून कागदावरच होती आणि वादळ मात्र आज दारात येऊन ठेपलं होतं.

“काकू, तुमच्याकडची रेघ तर डोक्याच्याही वर आहे. मग थांबलात कशा?”

“तुझी आई म्हणाली, आमच्याकडे रेघ मारणारा दुसरा होता, तो चुकला. तू चुकत नाहीस.”

“पोरगा कोणाचा!” आई हसली.

तो रेघेपाशी गेला. “आई, ही रेघ खोटी आहे. तू घाबरशील म्हणून मीच खाली मारली.”

“पुरे! मला हलवायचंय म्हणून आता थापा मारतोस. आजची ओळखते का तुला?”

बाहेर कुणाचा तरी पत्रा धाडकन पडला. उंबऱ्यावरून पाण्याची एक लांबट जीभ आत आली. त्याला रडूच फुटलं. आईचा दंड धरून त्याने तिला भिंतीशी उभं केलं आणि तिच्या डोक्याच्या वीतभर वर तळवा टेकवला.

“इथवर, आई. इथवर येणार आहे.”

आईने वर पाहिलं आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला.

“तेव्हाच सांगितलं असतंस तर घाबरले असते रे. पण कधीच बहिणीकडे गेले असते. आणि मी मेली गल्लीभर सांगत सुटले, घाबरू नका, गुडघ्याएवढंच आहे म्हणून.”

काकू खाली उतरून चपला शोधू लागल्या.

“तू काकूंबरोबर गाडीत बस. मी सांगतो सगळ्यांना,” तो म्हणाला.

“तुझं कोण ऐकणार? ते थांबलेत माझ्या शब्दावर.”

गल्लीत घोट्याएवढं पाणी झालं होतं. आईने पहिल्या दारावर थाप मारली. दार उघडलं. आत सगळं घर पत्ते खेळत बसलं होतं.

“निघा,” आई म्हणाली. “मी सांगितलं ते खोटं होतं. माझ्या पोराने खोटी रेघ मारली.”

तिने त्याला हाताला धरून पुढे ओढलं. तो मान खाली घालून उभा राहिला. मग भिंतीचा आधार घेत, दुखरे गुडघे उचलत, ती पुढच्या दाराकडे निघाली.